चार नंबरची वाटी

त्या रविवारी थोरल्यानं जेवणाच्या टेबलावर पाच रिकाम्या वाट्या मांडल्या, तेव्हाच मी ओळखलं की आज रस्सा गार होणार.

वाट्या मांडणं ही आमच्या घरातली जुनी खोड. यांच्यापासूनची. हे दूरचित्रवाणी केंद्रात कार्यक्रम ठरवणारे साहेब झाले तेव्हा केंद्राचं एकच चॅनल होतं, म्हणून टेबलावर एकच वाटी असायची. मग दुसरं आलं, तिसरं आलं, आणि हे निवृत्त होईपर्यंत पाच झाली. दर नव्या चॅनलला माझ्या कपाटातून एक वाटी जायची. यांनी ती इकडून तिकडे सरकवली की पुढच्या महिन्यात साऱ्या मुलखाच्या संध्याकाळी इकडच्या तिकडे व्हायच्या. आता त्या खुर्चीत थोरला बसतो. केंद्रातही आणि माझ्या टेबलाशीही.

दुसरी खोड याहून वाईट. रविवारी जेवताना टीव्ही चालू, आवाज बंद, आणि कार्यक्रम ठरवणाऱ्याची पाठ टीव्हीकडे. त्यानं टीव्ही बघायचा नाही, बघणाऱ्यांना बघायचं. कुणाचा घास तोंडाशी थांबला तर कार्यक्रम जगला. नाही थांबला तर मेला. "माणूस तोंडानं खोटं बोलतो, हातानं बोलत नाही," असं हे म्हणायचे, आणि केंद्रातली माणसं माना डोलवायची. किती मालिका आमच्या घासांवर तरल्या आणि बुडाल्या ते त्या लिहिणाऱ्यांना कळलं असतं तर त्यांनी आमच्या दारात येऊन डोकी फोडली असती. धाकटा तर लहानपणी सरळ लबाडी करायचा. आवडत्या कार्टूनच्या वेळी घास हवेत धरून बसायचा, हात थरथरेपर्यंत.

"पाचाची तीन करायचीत," थोरला म्हणाला. "वरून हुकूम आलाय. उद्या मंडळासमोर मांडायचंय. म्हटलं आधी घरात दाखवावं."

"घरात कशाला?" मधलीनं विचारलं. "आम्हाला मत आहे का काय?"

मधली म्हणजे माझी लेक. चार नंबरची प्रमुख तीच, आणि दुपारी कॅमेऱ्यासमोर बसून बोलणारीही तीच. धाकटा तीन नंबरवर सामन्यांचं समालोचन करतो. न थांबता बोलण्याचा पगार मिळणारा घरातला तो एकटा. बाकीचे आम्ही फुकट बोलतो. थोडक्यात, एक भाऊ निवाडा करणारा आणि दोन भावंडं पिंजऱ्यात, आणि मध्ये माझा रस्सा-भात. चौथी माझी सून, थोरल्याची बायको. ती दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांची तोंडं उघडी ठेवते, म्हणून घरी आल्यावर तिला सगळ्यांची बंद हवी असतात. आमचं दोघींचं फार जमतं असं मी आजवर कुठं म्हटलेलं नाही, आणि इथंही म्हणत नाही.

थोरल्यानं वाट्या सरकवायला सुरुवात केली.

"एक नंबर राहणारच. बातम्या, मालिका, सगळ्यांचं सगळं. दोन नंबरवरचं गाणं, नाटक, ते एक नंबरच्या रात्रीत बसवू." दोन नंबरची वाटी एक नंबरला जाऊन चिकटली. "पाच नंबर मुलांचं. त्याला हात लावला तर पेपरवाले सोलून काढतील, राहू दे. तीन नंबर खेळ. खेळाला जाहिराती आहेत, राहील."

"वाचलो," धाकटा म्हणाला, आणि मग बहिणीकडे बघून त्यानं जीभ चावली.

चौथी वाटी थोरल्यानं उचलली. कुठं ठेवावी ते त्याला कळेना. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि उठून फ्रीजवर ठेवून दिली. पाहुण्यांची चप्पल उचलून ठेवावी तशी.

"चार नंबर बंद," तो म्हणाला. "त्यातलं थोडंफार मोबाइलवर ठेवू. ज्यांना बघायचंय ते बघतील."

टीव्हीवर चार नंबरच लागलेलं होतं. थोरल्याच्या खांद्यामागून मधली आम्हाला दिसत होती, आधी चित्रित केलेली, निळ्या साडीत. फाटलेली बाही बोटांवर ताणून कशी धरायची ते दाखवत होती. तिच्या शेजारी खुणांची भाषा करणारी बाई सगळं हातांनी सांगत होती. आमच्या घरात आवाज बंद असतो ना, म्हणून बाकीच्या चॅनलवरची माणसं माशासारखी तोंडं हलवतात. नीट कळतं ते फक्त चार नंबर.

आणि टेबलाशी दुसरी मधली, खरी. तिच्या हातात घास होता. सगळे तिच्या हाताकडे बघायला लागले. सवयच ती.

घास वर गेला. तोंडात गेला. तिनं चावला, गिळला, आणि दुसरा घेतला.

"मीठ बरोबर पडलंय आज," ती म्हणाली.

थोरल्यानं सोडलेला श्वास मला टेबलाच्या या टोकाला ऐकू आला. "मला वाटलं होतं तू चिडशील."

"चिडून काय करू? तुझं ठरलंय ना."

"तू समजून घेतलंस. बरं वाटलं, खरंच."

"भात वाढ," ती म्हणाली.

आता थोडा वेळ थोरल्याच्या डोक्यात शिरते. मला परवानगी लागत नाही. ते डोकं धुऊन-पुसून मीच मोठं केलंय. त्याच्या मनावरचं ओझं त्या दोन घासांनी उतरलं. आठवडाभर तो झोपला नव्हता. केंद्रातल्या बोळांत लोक त्याला बघून बोलणं थांबवायचे, चहाच्या मशीनपाशी एकटाच उभा राहायचा. कुणाचं काम जाणार आणि कुणाचं राहणार, हे याच्या पेन्सिलीच्या टोकावर, आणि वर हा विषय असा की सख्खी बहीण त्यात. शेवटी त्यानं तिचंच चॅनल कापायला घेतलं होतं. कापलं की कुणी बोट दाखवू शकणार नाही, हे त्याचं गणित. आणि आता तिचा हातही थांबला नाही. म्हणजे तिला तेवढं लागलं नाही. बाबांची पद्धत चुकत नाही. झालं, साहेबांनी पाठ टीव्हीकडे ठेवून आरामात जेवायला घेतलं.

मी पाण्याचा जग उचलला आणि स्वयंपाकघरात गेले. जग भरलेलाच होता.

माझ्यामागून सून आली. तिच्या हातात ताट होतं आणि त्यात अर्धा भात तसाच.

"आई, तुम्ही बघितलंत?"

"काय बघायचं? जेवली की ती."

"जेवली. पण मी हात बघत नाही, मी पाय बघते." तिनं ताट ओट्यावर ठेवलं. "माझ्या खुर्चीत बसलेल्या माणसाला 'दुखतंय का' विचारलं की तो नाहीच म्हणतो. तोंड शांत, हात पोटावर शांत. पण पायांची बोटं मुडपलेली असतात. तुमच्या मुलीनं चप्पल काढून टाकलीय आणि टेबलाखाली तिची बोटं अशी झालीत." तिनं मूठ वळून दाखवली.

खरं सांगायचं तर या बाईला इतक्या वर्षांत मी फक्त दात दिसतात असं समजत होते.

"माझ्या पायांकडे कुणी बघितलं नव्हतं," मी म्हणाले.

"कधी?"

"नंतर सांगते. आधी एक सांग. तो काय काय बडबडत असतो गं रात्रंदिवस?"

सुनेनं दाराकडे बघितलं. आवाज खाली आणला. नवऱ्याची चहाडी सासूपाशी करायची, आणि तीही माझ्यासारख्या सासूपाशी, तिला ते जड जात होतं. तिच्या जागी मी असते तर मीही आधी घसा साफ केला असता.

"आंघोळ करताना तो भाषण पाठ करतो," ती म्हणाली. "मी बाहेर टॉवेल घेऊन उभी. गेल्या आठवड्यातलं भाषण वेगळं होतं, आई. त्यात चार नंबर बंद नव्हतं. एक नंबरवर दिवसभर आदल्या रात्रीच्या मालिका परत दाखवतात, त्या काढायच्या आणि तिथं ताईंचे कार्यक्रम घालायचे, असं होतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मला तर ऐकूनच पटलं. मग दोन दिवसांनी ते गेलं. नुसतं 'चार नंबर बंद' राहिलं. मी विचारलं तर म्हणाला, साबण संपलाय."

"साबण होता?"

"नवीन वडी होती."

एवढ्यात गॅलरीतून आवाज आले. आमच्या गॅलरीचं दार फुगलंय, ते पूर्ण बंद होत नाही. दुरुस्त करायला मीच कुणाला सांगत नाही. आम्ही दोघी ओट्यापाशी गप्प उभ्या राहिलो. सासू-सुना एकत्र कान लावून उभ्या, असं या घरात पहिल्यांदा घडत होतं.

"ताई, बोल ना काहीतरी," धाकटा म्हणत होता. तो संत्रं सोलत असणार, वास येत होता. "मला जेवण जात नाहीये."

"तुझं चॅनल राहिलंय. खा पोटभर."

"अगं, पण चार नंबर बघतं तरी कोण? रागवू नकोस. इस्पितळात रिमोट हरवलेला असतो म्हणून बघतात लोक."

"हो, बघतात. आणि मग रिमोट सापडला तरी बदलत नाहीत." ती थांबली. "इस्पितळात गेले होते मी, मैत्रिणीला बघायला. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा मला बघून उठून बसला. बाई, तुम्ही सांगितल्यासारखी बाही शिवली, म्हणाला. एका हाताला सलाइन, आणि दुसऱ्या हातानं मला बाही दाखवतोय. वाकडी शिवली होती. मी म्हटलं छान आहे."

"खोटं बोललीस."

"तू हरलेल्या संघाला 'झुंजार' म्हणतोस, ते काय असतं?"

धाकटा हसला, आणि मग त्याचं हसू मधेच बंद पडलं. "मग दादाला हे सांग ना. सांग की बंद करू नको."

"मला चार नंबर वाचवायचंच नाहीये."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"त्या नंबरशी माझं लग्न नाही लागलंय," मधली म्हणत होती. "खोलीला स्वतंत्र दार नको, आम्हाला घरातच घ्या, एवढंच म्हणणं आहे माझं. दिवसा घरात कोण असतं? म्हातारी माणसं, आजारी, ऐकू न येणारी, लहान मूल कडेवर घेतलेल्या बाया, काम सुटलेले पुरुष. त्यांना एक नंबरवर काय मिळतं? काल रात्रीचं शिळं. तो दिवस आम्हाला द्या. चार नंबर खुशाल मोडा. महिनाभर हे माझ्या डोक्यात तयार आहे."

"महिनाभर! मग बोलत का नाहीस?"

"मी मागितलं तर बहीण म्हणून मागितलं असं होईल. त्यानं विचारायला हवं होतं. बाकी सगळ्या प्रमुखांना बोलावून विचारलं त्यानं, काय करता येईल म्हणून. मला नाही विचारलं. मला सरळ वाटी उचलून दाखवली."

माझीच जात माझ्यासमोर बोलत होती आणि मला ती इतक्या जवळून ऐकायची सवय नव्हती.

आम्ही सगळे टेबलाशी परत आलो तेव्हा थोरला पेला तोंडाला लावून बसला होता. धाकटा बसला नाही. तो फ्रीजपाशी गेला, चार नंबरची वाटी काढली आणि ठक्कन भावासमोर ठेवली.

"दादा, ताईला विचार, हिचं काय करायचं."

"काय विचारायचं? बोललो की आम्ही."

"तू बोललास. ती जेवली."

थोरल्यानं मधलीकडे बघितलं. मधली भाताकडे बघत होती. मग तिनं हात पुढे केला, ती छोटी वाटी उचलली, आणि एक नंबरच्या मोठ्या वाटीत ठेवली. एकात एक. बरोबर बसली. बसणारच, एकाच दुकानातल्या होत्या.

"दिवसा," ती म्हणाली. एवढंच.

थोरल्याचं तोंड उतरलं. मी त्याला जन्मापासून बघतेय. नवीन काही ऐकल्यावर त्याच्या भुवया वर जातात. त्या दिवशी गेल्या नाहीत.

"हे नाही होऊ शकत," तो म्हणाला.

"का?"

"तांत्रिक अडचणी आहेत."

"तुझ्या पहिल्या भाषणात नव्हत्या," सून म्हणाली.

थोरल्यानं बायकोकडे बघितलं. बायको मिठाची बरणी सरळ करत होती, ती आधीच सरळ होती.

"तुला सुचलं होतं हे?" मधली म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच वर चढला. "दादा, तुला हे सुचलं होतं आणि तू काढून टाकलंस?"

"तू माझ्या जागी बस एकदा!" थोरल्यानं हात आपटला, वाट्या नाचल्या. "एक नंबर, सगळ्यांत मोठं चॅनल, त्याचा अख्खा दिवस मी माझ्या बहिणीला देऊ? मंडळात माझ्या खुर्चीवर डोळा ठेवून बसलेला माणूस आहे. तो पहिलं वाक्य हेच बोलेल. घरचा कारभार चाललाय म्हणेल. मग तुझंही जाईल आणि वाचवलेली तीन चॅनलंही धड राहणार नाहीत. लोकांची पोटं आहेत त्यावर. मी तुझ्या एकटीचा विचार करू का त्यांचा?"

हे त्यानं खोटं सांगितलं नाही. माझा मुलगा भित्रा असेल, पण वाईट नाही. मधलीलाही ते कळलं असावं, कारण तिचा आवाज खाली आला.

"मी बहीण नसते तर?" तिनं हळूच विचारलं. "मी परकी असते आणि हेच घेऊन आले असते तर तू काय केलं असतंस?"

त्याची नजर खाली गेली, तिच्या हाताकडे. तिचा हात ताटापाशी स्थिर होता. बापाचं पोरगं. अजून हातच बघत होता.

"हात काय बघतोस?" मी म्हणाले. "तुझा बाप माझा हात बघत बसला होता."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी केंद्रात कपडेपटात शिवण करायचे हे पोरांना ठाऊक आहे. एक दिवस पाहुणी आली नाही म्हणून मला सुईदोऱ्यासकट कॅमेऱ्यासमोर बसवलं, आणि मग दर दुपारी बसवायला लागले, तेही ठाऊक आहे. चौथीनंतर मी शाळा बघितलेली नाही. समोर धरलेल्या पुठ्ठ्यावरचं मला झरझर वाचता यायचं नाही, म्हणून मी मनानंच बोलायचे. कुणी सैल शिवलं तर शिवणारीला नाव ठेवायचे. बायकांना ते फार आवडायचं. पण तो कार्यक्रम बंद कसा झाला, हे मी पोरांना कधी सांगितलं नव्हतं. संपला, म्हणाले होते.

"तेव्हाही अशीच काटछाट आली होती," मी म्हणाले. "हे नुकतेच साहेब झालेले. त्यांनी पहिला कार्यक्रम कापला तो माझा. म्हणजे कुणी म्हणायला नको की बायकोचा ठेवला. दुसऱ्या रविवारी दुपारी माझ्या वेळेला टीव्हीवर नदीचं चित्र लावलं होतं. नुसती नदी. आणि हे इथं, या खुर्चीत, पाठ तिकडे करून, माझ्या हाताकडे बघत बसले."

"मग?" धाकट्यानं विचारलं.

"मग काय. मी सगळं ताट संपवलं. वर भात मागून घेतला."

मधलीनं आपल्या ताटाकडे बघितलं. दुसऱ्यांदा वाढून घेतलेला भात अजून तिथं होता.

"बाबांना कळलं नाही?" थोरला म्हणाला.

"कशानं कळेल? टीव्हीकडे पाठ, डोळे माझ्या हातावर. मी हात थांबू दिला नाही. त्यांना वाटलं, हिला काही नाही. शेवटपर्यंत वाटत होतं. फार खूश असायचे, बायको समजूतदार मिळाली म्हणून."

"तू सांगितलं का नाहीस त्यांना?"

"त्यांनी विचारलं नाही. आणि मी सांगत फिरणाऱ्यातली नाही. तेव्हा नव्हते, आजही नाही. पुन्हा ती वेळ आली तर पुन्हा भात मागून घेईन." मी पाणी प्याले. "तुला सांगितलं, कारण तू त्यांची खुर्ची घेतलीस. आणि एक ऐक. ज्या लोकांना भिऊन त्यांनी ते केलं ना, केंद्रातले, मंडळातले, बोळातले, त्यांतला एकही मला आठवत नाही. नाव नाही, तोंड नाही. आठवायचा प्रयत्न केलाय मी. शिव्या घालायला तरी कुणी हवा होता."

थोरला खाली मान घालून वाट्या बघत होता. मोठीत छोटी.

"हिला घरची म्हणून ठेवू नकोस," मी म्हणाले. "पण घरची म्हणून काढूही नकोस. ते दोन्ही एकच झालं."

"आई, बोलायला सोपं आहे."

"मी प्रमुखपद सोडते," मधली म्हणाली. "चार नंबरच नाही म्हटल्यावर त्याची प्रमुख कशाला? खोली नको, पाटी नको. एक नंबरच्या प्रमुखाच्या हाताखाली काम करीन. ते गृहस्थ मला फारसे आवडत नाहीत, मंडळात तेही सांग हवं तर."

"तुझी इतक्या वर्षांची..."

"दादा, मला पाटी शिवता येत नाही. बाही येते."

धाकटा खुर्ची ओढून बसला. "दुपारी मी तरी काय करतो? जुने सामने दाखवतो. निकाल सगळ्यांना पाठ. माझ्याकडची कॅमेऱ्याची माणसं दुपारी पत्ते खेळतात. ती घे."

"हे मंडळात बोलू नकोस," थोरला म्हणाला, आणि त्याच्या तोंडावर किंचित हसू आलं, लगेच गेलंही. "पण तो माणूस पहिलं वाक्य तेच बोलणार."

"मग त्याच्या आधी तू बोल," सून म्हणाली. "उभा राहा आणि सांग, ही माझी बहीण आहे, आता कार्यक्रम बघा. मी दात काढायच्या आधी सांगते, दुखणार आहे. न सांगता काढला तर चावतात माणसं."

"तुला चावलंय कुणी?"

"दोनदा. दोन्ही वेळा मी सांगितलं नव्हतं."

त्यानं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. वाट्या उचलल्या, एकात एक तशाच, आणि आत नेऊन ठेवल्या. मधली जाताना मला म्हणाली, "आई, भात फार झाला गं." मी म्हणाले, "दिसलं मला." यापेक्षा जास्त आम्ही बोलत नाही.

सोमवारी दुपारी मी आणि सून जेवायला बसलो होतो. तिनं दवाखाना उशिरा उघडायचं ठरवलं होतं, दात कुठं पळून जातात, म्हणाली. टीव्ही चालू, आवाज बंद. चार नंबर. सोमवारी मधली थेट प्रक्षेपणात असते. एका म्हाताऱ्या बाईला समोर बसवून तिच्याकडून काजं करून घेत होती. बाईच्या बोटांना कंप होता. मधली सुईला हात लावत नव्हती, नुसती थांबली होती. शेजारी खुणांची बाईही हात मांडीवर ठेवून थांबली होती. टीव्हीवर इतका वेळ कुणी कुणासाठी थांबलेलं मी बघितलेलं नाही.

दार वाजलं. थोरला. या वेळेला तो घरी येत नाही. त्यानं बूट काढले, हात धुतले, कुणाशी काही बोलला नाही. सुनेनं ताट वाढलं.

"मंडळातले बोलले का?" मी विचारलं.

"खूप."

"काय?"

"मी म्हणालो होतो तेच. आणि वर थोडं जास्त. माझ्याबद्दलही बोलले, तिच्याबद्दलही. बाबांनाही मध्ये आणलं."

"आणि?"

"एक नंबरवर थोड्या दिवसांपुरतं द्या म्हणाले. चाललं नाही तर ते काढणार, आणि माझं काय करायचं तेही बघणार." त्यानं चेहऱ्यावरून हात फिरवला. "तिला अजून सांगितलेलं नाही. ती समोर आहे ना आत्ता."

तो आपल्या खुर्चीकडे गेला. नेहमीच्या. तिच्या पाठीवर हात ठेवून तसाच उभा राहिला, मग खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घालून आमच्या बाजूला आणली आणि माझ्या शेजारी बसला. टीव्हीकडे तोंड करून. त्या जागेवरून टीव्ही कसा दिसतो हे त्याला माहीतच नव्हतं. मान जरा वाकडी करावी लागते.

"आवाज कर जरा," तो म्हणाला.

सुनेनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "रिमोट सापडत नाहीये."

"मग राहू दे."

पडद्यावर म्हातारीची सुई एकदा हुकली, दोनदा हुकली. मधली हलली नाही. मग टोक आरपार गेलं, दोरा ताणला गेला, आणि बाईनं मान वर करून आमच्याकडे बघितलं, सरळ आमच्याकडे, जशी काही आम्हीच सुई धरली होती. थोरल्याचा भात बोटांत राहिला होता. सुनेचाही. हे मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, मी काही वळून बघितलं नाही.

समोरची जागा रिकामी होती. आमचे हात बघायला आता तिथं कुणी नव्हतं, म्हणून मीही माझा घास जरा थांबू दिला.